कामाचे मोल कोण ठरवतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



वर्धापनदिनाला बोलण्याचा मान दरवर्षी बाहेरच्या एखाद्या विद्वान पाहुण्यांना मिळतो. यंदा कार्यकारिणीने तो माझ्यासारख्या घरच्याच बाईला दिला. मी अर्थशास्त्राची पंडिता नव्हे. २६ वर्षे एका कारखान्याच्या पगार-विभागात कारकुनी केली, एवढीच माझी पात्रता. पण इतकी वर्षे दर महिन्याला दुसऱ्यांच्या पगाराचे आकडे लिहिणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न घर करून बसतो. तोच आज आपणांपुढे ठेवते. एकाला अमुक पगार आणि दुसऱ्याला तमुक, हे ठरते तरी कशावरून?

याचे उत्तर आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहोत. जो जास्त शिकला त्याला जास्त, जो जास्त राबला त्याला जास्त. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धेच आहे, असे माझे मत झाले आहे. उरलेले अर्धे उत्तर शिक्षणात नाही, कष्टातही नाही. कोण कोणाला हुकूम करू शकतो, कोणाचे काम कोण तपासतो आणि ‘हे चालणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यात ते दडलेले आहे. कामाच्या जागची उतरंड आणि घरात येणारा पैसा यांची गाठ फार घट्ट आहे. आपली नजर पैशाकडे जाते आणि उतरंड मात्र आपण विसरतो.

माझीच गोष्ट सांगते. आमच्या विभागात एका टेबलावर मी आणि समोरच्या टेबलावर एक गृहस्थ. हजेरीपट मी तपासावा, बेरजा त्यांनी कराव्या. दुसऱ्या महिन्यात उलट. काम एकच. पण त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘सहायक’ आणि माझ्या हुद्द्याचे नाव ‘कारकून’. या दोन शब्दांमध्ये दरमहा चांगले अंतर होते. मी एकदा विचारले, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, ‘बाई, तुमची श्रेणीच वेगळी आहे.’ मी गप्प बसले. श्रेणी वेगळी असेल तर बोलायचे काय? ती श्रेणी कोणी पाडली हा पुढचा प्रश्न मला त्या वेळी सुचलाच नाही.

तो प्रश्न मुंबईच्या एका बाईला सुचला होता. ऑड्री डिकॉस्टा यांचे नाव आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजव्यवसायातील कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना पगार जास्त आणि साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्री स्टेनोग्राफरांना कमी. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला होता. त्याच्या आधारे त्यांनी दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, स्त्रियांचा वर्गच निराळा आहे, त्या वर्गात पुरुष कोणी नाहीतच, मग भेदभाव कसला? शिवाय कामगार संघटनेशी तसा करारही झालेला आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल बाईंच्या बाजूने लागला. न्यायालयाने पाहिले ते हुद्द्याच्या पाटीकडे नव्हे, तर हातातल्या कामाकडे. काम सारखे असेल तर नुसते निराळे नाव देऊन पगार कमी करता येत नाही. कंपनीला परवडत नाही, ही सबबही मानली गेली नाही. ज्या दिवशी मी हा निकाल वाचला त्या दिवशी मला माझ्या साहेबांचे ते शांत उत्तर आठवले.

हे झाले नावाविषयी. पण नावाच्याही आधी येते ते दार. कोणत्या कामाला कोणाला हात लावू द्यायचा, हे जो ठरवतो तोच पगारही ठरवून टाकतो. आपण काळारामाच्या सावलीत राहतो. २ मार्च १९३० रोजी याच मंदिराच्या दारापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि आपल्या नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी डॉ. आंबेडकर आणखी एका दाराविषयी बोलत होते, ते तितके कोणी सांगत नाही. ते दार मुंबईच्या कापड गिरण्यांतील विणकाम खात्याचे. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात मिळे. अस्पृश्य कामगारांना मात्र तेथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सहकाऱ्यांना विटाळ होई. म्हणून त्यांनी कमी पगाराच्या कताई खात्यातच राहावे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडली. आता सांगा, त्या माणसाचा पगार कमी होता तो कसब कमी म्हणून, की कसब शिकण्याच्या जागी त्याला पाऊलच टाकू दिले नाही म्हणून?

त्याच गिरण्यांत त्या काळी सुमारे पाचांतली एक कामगार बाई होती. बायका बहुतेक करून सूत गुंडाळण्याच्या खात्यात, आणि त्यांच्यावर देखरेख नायकिणीची. पुरुषांवर जसा जॉबर तशी बायकांवर नायकीण. कामावर घेणे तिच्या हाती, काढणेही तिच्या हाती. म्हणून नोकरी लागताना तिचा हात ओला करावा लागे आणि टिकवतानाही. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या या वसुलीवर बोट ठेवले आहे. तेव्हा पगाराच्या वहीत आकडा एक आणि घरी येणारी रक्कम दुसरी. मधला फरक कष्टाचा नव्हता, तो निव्वळ अधिकाराचा होता. आणि नायकीणही बाईच होती, हे आपण विसरू नये. बाईच्या हाती अधिकार आला म्हणजे तो आपोआप मायाळू होतो असे नाही. याचा अनुभव मी थोड्याच वेळात सांगणार आहे.

त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या एका धंद्याकडे वळू. सिन्नरची विडी एके काळी दूरवर प्रसिद्ध होती. विडी वळणे हे बायकांचे काम. पाने भिजवायची, फर्म्याने कापायची, तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल द्यायला गेले की तपासणारा बसलेला असायचा. तो मूठभर विड्या उचलून बाजूला टाकी: ही सैल, ही आखूड, हिचे पान फाटके. याला ‘छाट’ म्हणत. छाट झालेल्या विडीची मजुरी बुडाली. पुष्कळ ठिकाणी ती विडीही बाईला परत मिळत नसे. पाने सडकी आली असतील, तंबाखू ओला असेल; तो मालकाने दिलेला. पण तोटा बाईचा.

या छाटीवरून एक फार मोठा न्यायालयीन वाद झालेला आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी रजेचा पगार मागितला. कारखानदार म्हणाला, हे आमचे कामगारच नव्हेत. हे वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, हजारावर मजुरी घेतात. कसे वळायचे ते आम्ही शिकवत नाही. १९६०-६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे कामगारच आहेत. कारण दिवसाच्या शेवटी त्यांचा माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि या नाकारण्यातूनच तो त्यांच्या कामावर ताबा ठेवतो. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. मालक दिवसभर डोक्यावर उभा राहिला नाही तरी चालते. संध्याकाळी ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे असला की सगळा दिवस त्याचाच झाला.

पुढे १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात आली, आणि छाटीवरून तंटा झाला तर तो कोठे न्यायचा याचीही सोय झाली. म्हणजे सरकारने मजुरीचा आकडा तर पाहिलाच, पण तपासणाऱ्याच्या हातालाही लगाम घातला. दोन्हींची गरज होती. नुसता दर वाढवला आणि छाट मोकळी ठेवली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेता येते.

आता मघाशी म्हटलेला माझा अनुभव. सांगताना संकोच वाटतो, पण भाषणाला उभे राहून दुसऱ्यांचेच दोष सांगणे बरे नव्हे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आपल्या फराळ-विभागात चकल्या तपासून घेण्याचे काम माझ्याकडे होते. चकल्या करायला येणाऱ्या भगिनींना किलोवर मजुरी. त्यांतल्या एकीच्या चकल्यांतून मोडक्या म्हणून मी दोन किलो बाजूला काढल्या. मजुरी उरलेल्या मालाची दिली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, पैसे मोजले, डबा उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी हिशेब करताना आम्ही चार-पाच जणींनी चहा केला आणि चहाबरोबर त्याच मोडक्या चकल्या खाल्ल्या. चवीला उत्तम होत्या.

घरी जाताना माझ्या मनात आले, भाजणी कोणी आणली होती? समितीने आणली होती, आणि ती त्या खेपेस जाडसर दळली गेली होती. इतरांच्याही चकल्या मोडत होत्या, पण इतर माझ्या ओळखीच्या होत्या. मला तपासण्याचा अधिकार कोणी दिला? ठराव झालेला नव्हता. मी जुनी सभासद, माझे घर दोन पावलांवर, मला पगारपत्रकाची सवय. म्हणून तराजू माझ्यापुढे आला. ती बाई माझ्याहून कामात कमी नव्हती. तिला ‘का?’ असे विचारण्याची जागा नव्हती, एवढेच. २६ वर्षे ज्या उतरंडीखाली मी राहिले तीच मी एका दुपारी, कोणी न सांगता, आपल्या मंडळात उभी केली. भगिनींनो, सिन्नरचा तो तपासणारा फार दूर राहत नाही.

कोणी म्हणेल, जबाबदारीला मोल नको का? तपासणारा नसेल तर माल कसा टिकेल? शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आणि दार उघडणारा शिपाई यांना एकच पगार द्यायचा का? तसे माझे म्हणणे नाही. पायऱ्या लागतातच, पायऱ्यांशिवाय घाटसुद्धा उतरता येत नाही. पण रामकुंडाच्या पायऱ्या मोजता येतात आणि कोणालाही चढता-उतरता येतात. पायऱ्या किती आणि किती उंच, हे सर्वांना दिसले पाहिजे. वर चढण्याची वाट खुली पाहिजे. आणि वरच्याने अन्याय केला तर खालच्याला बोलता आले पाहिजे, बोलल्याबद्दल कामावरून न जाता.

असे करता येते का? करून दाखवलेले आहे. सरकारी नोकरीचेच पाहा. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून कमीत कमी मूळ वेतन १८,००० आणि जास्तीत जास्त २,५०,००० ठरवले. म्हणजे तळ आणि माथा यांत सुमारे चौदा पटींचे अंतर. ते योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, कारण ते कागदावर आहे. खाजगी कंपन्यांत हे अंतर पूर्वी कोणाला कळतच नसे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आपल्या संचालकांचे वेतन आणि मधल्या नोकराचे वेतन यांचे प्रमाण जाहीर करायला लावले. ज्या उंचीचे माप घेतले जाते तिच्याविषयी निदान प्रश्न तरी विचारता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीसारख्या ठिकाणी दिसते. हमालाची मजुरी पूर्वी मुकादम आणि व्यापारी यांच्या मर्जीवर. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. नोंदलेल्या व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठराविक आकार मंडळाकडे भरायचा, आणि मंडळाने ती मजुरी हमालाला द्यायची. पोत्याचे वजन तेच, पाठ तीच. बदलले ते पैसे कोणाच्या हातून येतात एवढेच. पण तेवढ्याने माणूस ताठ उभा राहिला.

तिसरे उदाहरण बायकांचे. १९७२ च्या दुष्काळापासून आपल्या राज्यात रोजगार हमीची कामे निघाली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यात खणलेल्या मातीचे माप घेऊन मजुरी. बाईचा दर वेगळा आणि पुरुषाचा वेगळा असे नाही. याच्या उलट ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याशी. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते आणि वाहते, पण वहीत तिचे नावच नाही. ज्याचे नाव वहीत नाही त्याचा पगार किती, हे गणित कोणता गुरुजी सोडवील?

आणि चौथे उदाहरण तर आपल्यासारख्या बायकांनीच घालून दिलेले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत. तेथेही पापड तपासून घेतात. वाईट पापड चालत नाही. पण लाटणारी ही संस्थेची भागीदार, सगळ्या एकमेकींना ‘बहीण’ म्हणतात, आणि नफा झाला तर तो सगळ्यांचा, तोटा झाला तर तोही. तपासणारी आणि लाटणारी यांच्यात काम वाटलेले आहे, मालकी नाही. दोहोंतला हा भेद मला चकल्यांच्या त्या संध्याकाळी कळला असता तर बरे झाले असते.

आता अखेरचा आणि नाजूक मुद्दा. आपणांपैकी पुष्कळ जणींच्या घरी धुणीभांडी करायला, पोळ्या करायला बाई येते. बाहेर आपण कोणाच्या तरी हाताखाली असतो, पण त्या ओट्यापाशी आपण मालकीण असतो. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांची मागणी काही महाल-माड्यांची नव्हती. पगारवाढ आणि माणुसकीची वागणूक हीच होती. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरीही पगाराचा आकडा आजही ठरतो तो आपल्याच ओट्यापाशी. आपण म्हणतो, ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ घरच्यासारखी असेल तर आजारपणात पगार कापताना हात का अडखळत नाही?

कायदे बदलतात. १९७६ चा समान वेतनाचा कायदा आणि १९६६ चा विडी कामगारांचा कायदा हे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांत विलीन झाले. पण कोणताही कायदा आपल्या ओट्यापर्यंत आणि आपल्या चकलीच्या डब्यापर्यंत रोज येऊन उभा राहणार नाही. तेथे आपणच उभे राहायचे आहे. आइसलँड नावाच्या लहानशा देशात २४ ऑक्टोबर १९७५ रोजी दहांतल्या नऊ बायकांनी एक दिवस घरचे-दारचे सगळे काम बंद ठेवले, आणि पुढच्याच वर्षी तेथे समानतेचा कायदा आला. आपणांस काम बंद ठेवायचे नाही. फक्त ज्या कामावर आपला अधिकार चालतो तेथे तो अधिकार थोडा वाटून द्यायचा आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. फराळ-विभागाचे दर दिवाळीआधी फळ्यावर लिहावेत. माल तपासताना समितीच्या एका बाईबरोबर काम करणाऱ्या दोघीजणी बसाव्यात, आणि भाजणी किंवा तेल खराब निघाले तर तो तोटा मंडळाचा धरावा. आणि दिवाळीनंतर जी शिल्लक उरेल तिचा हिशेब काम करणाऱ्या भगिनींसमोर वाचून दाखवावा. त्यांचा वाटा किती, हे त्यांनाही विचारावे. चौथी गोष्ट विनंती नव्हे, ती मी स्वतःवर घेतली आहे. त्या भगिनीचे दोन किलोंचे पैसे मी मागच्या आठवड्यात तिच्या घरी नेऊन दिले. तिने घेतले. चहाही केला. पण ‘येशील का?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘तराजूवर कोण बसणार, ते आधी सांगा.’

तिच्या या प्रश्नाचे उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. ते आज आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.